बाबा जे कधी म्हणाले नव्हते

माझ्या वडिलांची बदनामी मी पहिल्यांदा ऐकली ती बसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यावर लावलेल्या स्पीकरमधून, आणि तीही टाळ्यांसकट.

तेव्हा मी सरकारी शाळेत शिक्षिका होते आणि माझी नेमणूक झाबुआच्याही पलीकडच्या एका गावात होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की बस पकडायची, उज्जैनला माधव नगरात आईबाबांकडे यायचं, आणि रविवारी दुपारी देवास गेटहून पुन्हा परतीची बस. नवरा भोपाळला बँकेत. तीन वर्षांची मुलगी माझ्या आईजवळ. एखाद्या सरकारी योजनेसारखे आम्ही निरनिराळ्या जिल्ह्यांत पोचलेलो होतो आणि फायदा कोणालाच होत नव्हता. मुलीला गोवर आला तेव्हा मला ते चौथ्या दिवशी कळलं, कारण गावातला एकुलता एक टेलिफोन सरपंचांच्या कपाटात कुलपात असे आणि सरपंच लग्नाला गेले होते.

तर त्या रविवारी ड्रायव्हरने गाण्यांची कॅसेट न लावता भाषणाची लावली. आवाज आमच्या विधायकांचा होता. महाराष्ट्रात आमदार म्हणतात, आमच्याकडे मध्यप्रदेशात विधायक, वस्तू तीच. कॅसेटमध्ये विधायक सांगत होते, "दोस्तों, नौवीं क्लास. मैं बोर्ड के सामने खड़ा हूँ. सवाल नहीं आ रहा. हमारे गणित के मराठी मास्टर, काली टोपी, चश्मे की एक डंडी धागे से बँधी हुई, उन्होंने चॉक खींचकर मेरे मुँह पर मारा और बोले, तुझसे कुछ नहीं होगा!" मग मोठी शांतता. मग हळू आवाजात, "दोस्तों, मैं उस चॉक को आज भी प्रणाम करता हूँ." आणि टाळ्या, टाळ्या, टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "कैसे-कैसे राक्षस होते हैं, बहनजी."

उज्जैनमध्ये गणिताचे मराठी मास्तर पुष्कळ होते. काळ्या टोप्याही काही कमी नव्हत्या. पण धाग्याने बांधलेली चष्म्याची काडी गावात एकच होती, आणि तो धागा मी शाळेत असताना स्वतः माझ्या शिवणाच्या डब्यातून काढून बांधला होता. राक्षस आमच्याच घरी राहत होता.

बाबा सरकारी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. आमचे पूर्वज कधीकाळी शिंद्यांच्या दफ्तरात कारकुनी करायला माळव्यात आले आणि इथेच राहिले. त्यामुळे घरातला मराठी कणा शाबूत असला तरी बाबांचं शिकवणं सगळं हिंदीत. आणि त्या चौतीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला "चूक" म्हटलं नव्हतं. गणिताच्या मास्तराने चूक म्हणायचं नाही म्हणजे हलवायाने गोड म्हणायचं नाही. पण बाबांचं तसंच होतं. उत्तर चार यायचं असेल आणि मुलाने चारशे काढलं तरी बाबा वहीवर झुकून म्हणत, "वा, पास पहुँच गए, बेटा. अब दो कदम और." हीच सवय घरातही होती. आईने एकदा साखरेऐवजी मीठ घालून शिरा केला, तर घास गिळून म्हणाले, "जवळ पोचलीस." आई तेव्हापासून त्यांच्या कौतुकावर विश्वास ठेवत नसे.

याला कारण होतं, आणि ते आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. बाबांच्या थोरल्या भावाला एका मास्तरांनी भर वर्गात सांगितलं होतं की तुझ्याच्याने काही होणार नाही. काका दप्तर उचलून घरी आले ते परत शाळेत गेलेच नाहीत. जन्मभर धान्य मंडीत पोती मोजत राहिले. बाबा काकांच्या कमाईवर शिकले, आणि मास्तर झाले त्या दिवशी त्यांनी ठरवलं की हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही. लोक कांदा सोडतात, चहा सोडतात. बाबांनी एक वाक्य सोडलं होतं. आणि नेमकं तेच वाक्य आता त्यांच्या नावावर सगळ्या माळव्यात वाजत होतं.

आता विधायकांविषयी. हे गृहस्थ देवास गेटच्या बस स्टँडसमोरच्या एका लॉजच्या मालकाचे चिरंजीव. पुढे त्यांनी स्वतःवर जे पुस्तक लिहिलं त्यात ते रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत. प्रत्यक्षात अख्ख्या देवास गेटची लाईट गेली तरी त्यांच्या लॉजचं जनरेटर चालू असे, हे त्या काळात बस चुकलेला कोणताही माणूस सांगेल. नववीत ते दोनदा नापास झाले. गणिताशी त्यांचं कधी जमलं नाही, पण बोलायला उभे राहिले की मधमाश्यांचं पोळं उठावं तसे शब्द उठत. हे बाबांनीच हेरलं. शाळेच्या प्रार्थनेनंतर "आज का विचार" सांगायचं काम बाबांनी त्यांच्याकडे दिलं, वर्षभर. ज्या मुलाला सगळे मास्तर बाकावर उभा करत, त्याला बाबांनी ओट्यावर उभा केला. तिथून जो उभा राहिला तो अजून खाली बसलेला नाही.

मग ती वर्षं आली ज्यात सरकारने दारं उघडली म्हणे आणि परदेशातून काय काय आत यायला लागलं. उज्जैनला सगळ्यात आधी आली ती पर्सनॅलिटी. तोपर्यंत आमच्याकडे माणसांना स्वभाव असत, खोड्या असत, कोणाकोणाला अक्कल असे, पर्सनॅलिटी नव्हती. या गृहस्थांनी लॉजच्या वरच्या मजल्यावर क्लास काढला. मे महिन्यात, पत्र्याखाली, टाय बांधून, मुलांना हात कसा मिळवायचा ते शिकवत. कापडबाजारातली मुलं, पोस्टातले बाबू, घाटावरच्या पंड्यांचे भाचे, सगळे तिथे जाऊन एकमेकांचे हात दाबून येत. मग पुस्तक आलं, "ठोकर से ठाठ तक". ते इतकं खपलं की राम घाटावर गंगाजळाच्या बाटल्यांशेजारी ठेवलेलं मी पाहिलं आहे.

राजकारणात ते कसे शिरले ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पक्षाचे मोठे नेते सभेला नेहमी तीन-तीन तास उशिरा येत, आणि तोपर्यंत माणसं मैदानात धरून ठेवायला कोणीतरी लागे. एकदा यांना बोलवलं. यांनी खडू, ठोकर, लाथ, सगळं काढून लोक असे खिळवले की नेते आले तेव्हा लोकांना ते आलेले आवडले नाहीत. पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं आणि हे निवडून आले. विधानसभेत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारणं नकारात्मक. नळाला आठ दिवस पाणी नाही म्हणून बायका त्यांच्या बंगल्यावर गेल्या तर प्रत्येकीला सही करून पुस्तक मिळालं, आणि वर सांगणं की पाचवा अध्याय वाचा, "समस्या नहीं, अवसर". आमच्या शेजारणीने ते पुस्तक रिकाम्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवलं. म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.

बसमधली गोष्ट मी पुढच्या शनिवारी घरी सांगितली तेव्हा बाबांना ती आधीच माहीत होती. ते अंगणात शिकवणीच्या मुलांच्या सतरंज्या गोळा करत होते. एवढंच म्हणाले, "खडू मारला, असं म्हणाला? मी खडू मारला?"

आई आतून ओरडली, "तुमचाच लाडका आहे. अजून बसवा डोक्यावर!"

"तो बोलायचा फार छान," बाबा म्हणाले, आणि सतरंजी झटकत राहिले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांचा राग आला. आपल्यावर चिखल उडवणाऱ्याचं वक्तृत्व आठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे जे झालं ते मात्र आमच्यापैकी कोणाच्या कल्पनेत नव्हतं. लोकांनी बाबांना वाळीत टाकलं असतं तर एक वेळ समजलं असतं. उलट लोक घरी यायला लागले. आधी एक कापडवाल्यांच्या घरची बाई आली, मुलाला घेऊन. चरणस्पर्श केला, नारळ ठेवला आणि म्हणाली, "सर, इसको भी बोल दो ना एक बार."

"क्या बोल दूँ?"

"वही, जो विधायकजी को बोला था."

बाबांनी मुलाला दोन-तीन तोंडी हिशेब विचारले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, ये तो होशियार है!" बाई अशी हिरमुसली जशी अभिषेकाची पावती फाडूनही गाभाऱ्यात शिरू न दिलेली. नारळ मात्र तिने परत नेला.

मग रांगच लागली. कोणी मुलीला घेऊन येई, कोणी जावयाला. एक विमा एजंट, चांगला पस्तिशीचा, केस पातळ झालेला, एकटाच आला आणि हात जोडून म्हणाला, "मास्टरजी, मेरे को बचपन में किसी ने नहीं बोला. इसीलिए पीछे रह गया." बाबा त्याच्याजवळ तासभर बसले. त्याची फाइल पाहिली, कामात काय अडतं ते विचारलं आणि दोन ठिकाणी व्याजाचा हिशेब सोपा करून दिला. तो उठताना एवढंच म्हणाला, "मतलब नहीं बोलोगे," आणि नाराज होऊन गेला. राम घाटावर पंड्याकडे जसं पिंडदान होतं तसा आमच्या घरी अपमान मिळतो, अशी ख्याती झाली होती, आणि आमचा पंडा काही विधी करायला तयार नव्हता.

आई वैतागली. "अहो, बोलून टाका ना एकदाचं! त्यांचं मन राहील. रोज सकाळी चहाचं आधण ठेवून ठेवून मी थकून राहिली आहे."

"त्यांचं मन राहील," बाबा म्हणाले, "मुलाचं काय?"

अशात एका रविवारी सकाळी विधायक स्वतः आले. मागे दोन माणसं, पुढे मिठाईचा डबा. बाबांच्या पायांवर अक्षरशः लोळण घेतली. आईला म्हणाले, "कसा काय, आई? बरा आहे?" हे त्यांचं मराठी, मराठी मतांपुरतं. आईने पोहे दिले, वर शेव दिली, आणि त्यांनी ते आवडीने खाल्ले. मग बरोबरच्या माणसांना बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "सर, बुरा मत मानना. मुझे सब याद है. आपने कभी नहीं कहा था."

मी थक्क झाले. मला वाटलं होतं, तो स्वतःही आपल्या गोष्टीवर विश्वास ठेवत असेल.

"फिर क्यों कहते हो, बेटा?" बाबांनी विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"पहले तो सच ही कहता था, सर. शुरू में. कि मेरे एक सर थे, गलत जवाब पर भी पीठ थपथपाते थे, मुझे बोलना उन्होंने सिखाया. लोग घड़ी देखते थे. आधे लोग चाय पीने उठ जाते थे. फिर एक दिन मुँह से निकल गया, तुझसे कुछ नहीं होगा. सर, पूरा हॉल खड़ा हो गया." तो अगदी निरागसपणे सांगत होता, शाळेतलं मूल घरी येऊन सांगतं तसा. "पब्लिक को ठोकर चाहिए, सर. मीठे से किताब नहीं बिकती."

 त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मुद्द्यावर आला. गुरुपौर्णिमेला त्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. मोठा हॉल, बाहेरून पाहुणे. त्या दिवशी त्याला मंचावर आपल्या गुरूंचा सत्कार करायचा होता. "भाषण नहीं देना है, सर. बस इतना, कि हाँ, मैंने कहा था." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "और दीदी, आपका तबादले का आवेदन हमारे यहाँ पड़ा है ना? साल भर से? मैंने अनुशंसा का पत्र बनवा लिया है. गुरुपूर्णिमा के दूसरे दिन साइन कर दूँगा."

धमकी नव्हती, सौदाही नव्हता. दोन वाक्यं नुसती शेजारी शेजारी ठेवली होती, बशीत पोहे आणि शेव ठेवतात तशी. तबादल्यांवरची, म्हणजे बदल्यांवरची, बंदी त्या महिन्यात उठलेली असे आणि पुन्हा लागायच्या आत ज्याचं शिफारसपत्र पोचेल त्याचं काम होई. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलगी तेव्हा माझ्या मांडीवर बसून शेव वेचून खात होती.

तो गेल्यावर मी काय केलं असायला हवं ते मला माहीत आहे. मी म्हणायला हवं होतं की बाबा, खड्ड्यात गेला तो तबादला. मी म्हटलं नाही. मी बॅग भरली आणि देवास गेटला गेले. मला बाबांनी खोटं बोलायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनी लिहिताना ते झाकण्यात काही अर्थ नाही. बसमध्ये बसून मी मनातल्या मनात बाबांशी भांडले, की तुमचं एक वाक्य मोठं की माझी पोर मोठी, आणि ते भांडण मीच जिंकले, कारण दुसऱ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आईने सांगितलं, "तुझे बाबा अंगणात प्रॅक्टिस करून राहिले आहेत." खरंच होतं. सकाळी पेरूच्या झाडापुढे उभे राहून ते हळूच म्हणत, "तुझसे कुछ..." आणि थांबत. मी दारातून पाहिलं. तीनदा सुरुवात केली आणि तिसऱ्यांदा झाडाच्या खोडावर हात फिरवून म्हणाले, "यंदा जरा कमी आले, इतकंच." आम्ही दोघी हसलो. मला हसू आलं याची आता लाज वाटते.

आत येऊन ते मला म्हणाले, "मी विचार केला. मागचं खोटं बोलायचं आहे ना फक्त? बोलतो. मागच्या खोट्याने कोणाला लागणार नाही. लागलं तर मला लागेल, मी बघून घेईन."

"बाबा, मन नसेल तर राहू द्या," मी म्हणाले. हे मी अशा आवाजात म्हणाले की त्यांनी राहू देऊ नये.

गुरुपौर्णिमेच्या दुपारी हॉल गच्च भरला होता. दारात तुळशीमाळा विकायला असाव्यात तसे पुस्तकांचे गठ्ठे. मंचावर मागे बाबांचा शाळेतल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला चेहरा, इतका मोठा की चष्म्यावरचा धागा दोरखंडासारखा दिसत होता. मी, आई आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. विधायक दीड तास बोलले. खडूला आता धार आली होती. कपाळावरून रक्त निघालं, म्हणाले. मग बाबांना हाताला धरून माइकपर्यंत आणलं, शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि विचारलं, "सर, आज सबके सामने बताइए. आपने कहा था?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाँ. मैंने कहा था."

टाळ्या इतक्या झाल्या की मुलीने कान झाकले. मी श्वास सोडला. झालं, संपलं, असं मला वाटलं. बाबा खाली उतरायला वळलेही होते.

पण त्या माणसाला टाळ्या दिसल्या की थांबता येत नसे. हे त्याच्या धंद्याचंच अंग. त्याने पडद्याकडे हात केला आणि एका मुलीला मंचावर बोलावलं. पंधरा-सोळा वर्षांची, शाळेचा गणवेश घातलेली. दहावीत नापास झालेली होती आणि ते त्याने नाव-गावासकट जाहीर केलं. मुलगी जमिनीकडे बघत उभी. आई-वडील पुढच्या रांगेत हात जोडून. "सर," विधायक म्हणाले, "आज इस बच्ची को भी वही प्रसाद दीजिए. वही पाँच शब्द. इसकी भी ज़िंदगी बन जाए."

शब्द चारच होते. त्याचं गणित अजून तसंच होतं.

बाबा त्या मुलीकडे गेले. माइक हातातच राहिला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "कौन सा पर्चा रह गया, बेटी?"

"गणित."

"कितने आए?"

"उन्नीस."

"अरे, पास पहुँच गई," बाबा म्हणाले. "मेरे घर आ जाना. शाम को पाँच बजे."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मागे कोणीतरी हसलं. मुलीच्या बापाचा चेहरा पडला, कारण त्याला हवं ते मिळालं नव्हतं. विधायक माइकसाठी हात पुढे करून हसत हसत म्हणाले, "नहीं सर, नहीं. वही वाला. एक बार. बच्ची के भले के लिए." आणि त्यांनी त्या मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा बाबांसमोर वर केला, फोटोसाठी.

तेव्हा बाबा त्याच्याकडे वळले. मी त्यांचा तसा चेहरा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. हळू आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा करून, पाढे सांगावे तसं ते त्याला म्हणाले, "तुझसे. कुछ. नहीं. होगा."

हॉल उठून उभा राहिला. लोक खुर्च्यांवर चढले. शिट्ट्या, फुलं, जयजयकार. त्यांना वाटलं, गुरूंनी नाटकाचा शेवट काय झकास केला! आई म्हणाली, "आत्ता बोलले! इतके दिवस माझं चहाचं आधण वाया घालवून!" माझीही मुलगी टाळ्या वाजवत होती, आणि मीसुद्धा. मला आनंद झाला होता, अगदी उकळ्या फुटत होत्या. बाबांनी भर सभेत त्याला सुनावलं, आणि त्याला ते उलटवताही येणार नव्हतं.

विधायक मात्र तसेच उभे होते. हात अजून माइकसाठी पुढे केलेला. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि वयाची वीस वर्षं चेहऱ्यावरून उतरून गेल्यासारखी वाटली. मग त्यांना भान आलं, त्यांनी बाबांना मिठी मारली आणि रडायला लागले. फोटोग्राफरने तो क्षण टिपला. पुढच्या सगळ्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे, आणि भाषणात ते सांगत, माझे गुरू आजही बदललेले नाहीत. पुस्तक आधीपेक्षा दुप्पट खपतं, असं त्यांचीच माणसं सांगत.

पत्रावर दुसऱ्याच दिवशी सही झाली. दहा-बारा दिवसांत उज्जैनला बदली झाल्याचा आदेश आला. मी तो हातात घेऊन संध्याकाळी धावत घरी आले, बाबांना दाखवायला. पाच वाजून गेले होते. अंगणात सतरंज्या घातलेल्या नव्हत्या. शिकवणीची मुलं फाटकाबाहेर घोळक्याने उभी होती, त्यात ती एकोणीस मार्कांची मुलगीही होती, नवी वही घेऊन. बाबा त्यांना सांगत होते की आता शिकवणी बंद, स्टेशनजवळ एक चांगले सर आहेत, तिथे जा. मुलगी जायला तयार नव्हती. बाबांनी तिला नमस्कार केला, मुलीला, हात जोडून, आणि फाटक लावलं.

मी विचारलं, "बाबा, हे काय करून राहिले आहात तुम्ही? तो बदमाश होता. त्याला बोललात ते बरंच झालं."

"त्याला लागलं गं," ते म्हणाले.

"लागू दे ना. लोकांनी तर टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या तूही वाजवल्यास. मी पाहिलं." ते ओट्यावर बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी समजत होतो की हे वाक्य मी बोलत नाही कारण मला ते जमत नाही. तुझ्या काकांच्या मास्तरांना मी जन्मभर दुष्ट समजलो. त्यांच्याने ते कसं बोलवलं असेल, असं मला वाटायचं."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"काही कठीण नाही," बाबा म्हणाले. "बोललो, त्याचं तोंड पाहिलं, आणि मला इतकं बरं वाटलं गं. फार बरं वाटलं. आता उद्या एखाद्या पोराचा हिशेब तिसऱ्यांदा चुकला तर मी काय बोलेन, ते मला सांगता येत नाही."

माझ्या हातात आदेश होता. मी चार वर्षं शिक्षिका होते आणि ते वाक्य मी माझ्या वर्गात आठवड्यातून एकदा तरी म्हणत असे, कधी कंटाळ्याने, कधी नुसती उकडतं म्हणून. बाबांना मी ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "आला का गं कागद?" मी आला म्हणाले, आणि त्यांनी चष्मा लावून तो अगदी शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला.